बिनपाण्याचा हेअरकट

माझ्या डोक्यावर सध्या जे काही आहे त्याला केस म्हणावे की केसांची थकबाकी म्हणावी, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. सौ.चे मत थकबाकीच्या बाजूला झुकते. तरीही दर महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी मी नेमाने कटिंगला जातो. एक तर सवय, आणि दुसरे म्हणजे मामांच्या दुकानात वर्तमानपत्रे चार येतात. आमच्या घरी एकच येते, आणि माझ्या हाती पडेपर्यंत त्यातले शब्दकोडे सुटलेले असते.

मामा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या केशकर्तनालयाचे मालक. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. त्यांचे खरे नाव फक्त रेशनकार्डाला आणि आमच्या बँकेतल्या कर्जखात्याला ठाऊक. ते मला 'साहेब' म्हणतात. मी बँकेत कारकून आहे. तिथे मला कोणी साहेब म्हणत नाही. तेव्हा ऐंशी रुपयांत कटिंग आणि 'साहेब' असे दोन्ही मिळत असेल तर हा सौदा मला कधीच महाग वाटलेला नाही.

गोष्ट २०२१ सालच्या जून महिन्यातली. करोनाची दुसरी लाट ओसरून दुकाने नुकतीच उघडली होती. मी खुर्चीत, गळ्याभोवती पांढरे कापड, चष्मा काढून समोरच्या फळीवर ठेवलेला. बाकावरचे एक गृहस्थ सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा बेताने पेपर वाचत होते. वाचता वाचता त्यांनी मथळा फेकला, "बँकांना पंच्याण्णव टक्के हेअरकट!"

माझ्या कानामागची कात्री थांबली.

"साहेब, तुमच्या बँकेची कटिंग झाली म्हणतात," मामा म्हणाले. "कुठं केली?"

आता बी.कॉम. झालेल्या माणसाला असा प्रश्न विचारला म्हणजे तो आनंदाने उत्तर देतो, कारण आयुष्यात त्याला तसा प्रसंग फार थोड्या वेळा येतो. मी पांढऱ्या कापडातून हात बाहेर काढून सांगू लागलो, "असं बघा मामा. एक कंपनी बँकांचे शंभर रुपये देणं लागत होती. कंपनी बुडाली. दुसरा एक जण ती घ्यायला आला. तो म्हणाला, मी चार-पाच रुपये देईन. बँका म्हणाल्या, दे. उरलेल्या पंच्याण्णवावर त्यांनी पाणी सोडलं. ह्या पंच्याण्णवाला म्हणायचं हेअरकट."

मामांनी माझ्या डोक्याकडे पाहिले, मग पेपरकडे पाहिले.

"शंभरातले पंच्याण्णव गेले?"

"हो."

"मग त्याला हेअरकट कोण म्हणतं? त्याला गोटा म्हणतात."

वृत्तपत्रांच्या भाषेवर इतकी थोडक्यात आणि इतकी नेमकी टीका मी दुसरी ऐकलेली नाही. पुढे जे लिहिले आहे ते मामांच्या त्या दोन वाक्यांवरचे भाष्य समजावे. भाष्य मुळापेक्षा लांब असायचेच. तो भाष्यकारांचा जुना हक्क आहे.

हा 'हेअरकट' मुळात इतका वाईट चालीचा नव्हता हो! चांगल्या घरातला शब्द. तारणावर कर्ज देणाऱ्या माणसाची सावधगिरी, एवढाच त्याचा अर्थ. समजा तुम्ही शंभर रुपयांचे रोखे तारण ठेवायला आणलेत. उद्या बाजार उतरला तर पंचाईत नको, म्हणून देणारा ते पंच्याण्णवच धरतो. वरचे पाच रुपये हिशेबापुरते कापले, त्यांचे नाव हेअरकट. अमेरिकेत शेअर-दलालांकडे भांडवल पुरेसे आहे की नाही हे सरकार तपासते, तेव्हा त्यांच्या जवळच्या शेअरांची किंमत अशीच कापून धरतात. साधारण शेअरांना शंभरातले पंधरा कापले जातात. कपाळावर आलेली बट थोडी छाटली, की माणूस जरा नीटनेटका दिसतो. तसाच हा प्रकार.

आमच्याकडे ह्याला 'मार्जिन' म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हा सोनेतारणाच्या खिडकीवर एक जुने हेडक्लार्क होते. बाई बांगड्या घेऊन आल्या, सराफाने शंभर रुपये किंमत लिहून दिली, की हे पंचाहत्तरच्या वर जायचे नाहीत. बाई कुरकुरत. मग ते समजावीत, "बाई, हे पंचवीस मी खात नाही. सोनं पडलं तर तुमची झोप जाऊ नये, आणि माझीही जाऊ नये, म्हणून ते बाजूला ठेवलेत." त्या गृहस्थांना हेअरकट हा शब्द ठाऊक नव्हता. पण जगातल्या कुठल्याही बँकेने त्यांच्या हातात कात्री निर्धास्त द्यावी इतका त्यांचा हात बसलेला होता.

म्हणजे मुळातला हेअरकट कर्ज देण्या-आधीचा. पेपरातला हेअरकट कर्ज बुडाल्या-नंतरचा. पहिला शहाणपणाचा, दुसरा पश्चात्तापाचा. छत्री घेऊन निघालेला माणूस आणि भिजून परत आलेला माणूस, दोघांनाही एकच शब्द लावला तर हवामानाची बातमी काय समजायची?

शब्द पेपरात कसा शिरला त्याचीही गंमत आहे. माझ्या पाहण्यातली हकीकत अशी. पहिल्यांदा तो आला तो दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे लावून, नव्या जावयासारखा. पुढे कंसात त्याचा परिचय, 'म्हणजे कर्जाच्या काही रकमेवर पाणी सोडणे'. काही दिवसांनी कंस गेला. आणखी काही दिवसांनी अवतरणचिन्हेही गेली. आता तो घरातल्यासारखा कुठेही पाय पसरून बसतो, आणि त्याला 'आपण कोण?' असे विचारणे असभ्यपणाचे झाले आहे.

ह्या शब्दाला क्रियापद कुठले लावायचे हेसुद्धा कोणाला नीट ठाऊक नाही. एकात बँकांनी हेअरकट 'घेतला', दुसऱ्यात 'दिला', तिसऱ्यात 'सोसला', आणि चौथ्यात तो बँकांना 'बसला'. घेतला म्हणजे आपण रविवारी घेतो तसा हौसेने. दिला म्हणजे न्हावी देतो तसा. आता बँक खुर्चीत बसली आहे की कात्री घेऊन उभी आहे, एवढे तरी वाचकाला कळायला नको? चारही वाक्यांत तिसरा माणूस कुठेच दिसत नाही. ज्याने पैसे नेले तो. तो बहुतेक बाकावर बसून पेपर वाचत असावा.

म्हणून मी मामांच्या मदतीने ह्या उपमेची उलटतपासणी घेतली. मामा म्हणाले, "आमच्या धंद्यात तीन गोष्टी पक्क्या. गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं. कापलेले केस महिन्यानं परत येतात. आणि ज्याचे कापले तो पैसे देतो." तीनही कसोट्या लावून पाहा. बँका आपल्या पायाने गेल्या काय? कायद्याच्या दारात दुसरे काही निघत नाही म्हणून गेल्या. पैसे परत वाढतात काय? पंच्याण्णव टक्के गेले ते गेले. त्यांना कुठलेही तेल लागू पडत नाही. राहिली तिसरी कसोटी, ज्याचे कापले तो पैसे देतो. ही मात्र तंतोतंत जुळते, आणि नेमकी हीच पेपरवाल्यांना सांगायची नसते.

कारण डोके कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. २०१२ साली ग्रीस देशाचे कर्ज फिटेना, तेव्हा त्याचे रोखे घेतलेल्या खाजगी मंडळींना दर्शनी किमतीतले साडेत्रेपन्न टक्के सोडावे लागले. जगभरच्या पेपरांनी हेअरकट, हेअरकट म्हणून गजर केला. ग्रीक मंडळींनी मात्र इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेतला नाही. ते आपल्या भाषेत 'कूरेमा' म्हणाले. कूरेमा म्हणजे केस कापणे, आणि मेंढीची लोकर कातरणे हेसुद्धा! म्हणजे त्या एका शब्दात सलूनची खुर्चीही आली आणि मेंढरांचा कळपही आला. जर्मन लोक त्याहून रोखठोक. त्यांनी केसांचे नावच काढले नाही. त्यांच्या शब्दाचा सरळ अर्थ 'कर्ज-छाट' असा आहे.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, सायप्रस बेटावर तर कात्री घसरली ती थेट ठेवीदारांच्या डोक्यावर. तिथल्या सगळ्यात मोठ्या बँकेत ज्यांच्या एक लाख युरोंच्या वर ठेवी होत्या, त्यांच्या वरच्या रकमेतली साडेसत्तेचाळीस टक्के बँकेने स्वतःच्या शेअरांत बदलून टाकली. म्हातारपणासाठी पैसे ठेवलेला माणूस सकाळी उठला तो बुडत्या बँकेचा भागीदार होऊन! यालाही पेपरात हेअरकटच म्हणत होते. सावकाराने सोडले तरी हेअरकट, ठेवीदाराचे नेले तरी हेअरकट. उद्या खिसा कापला तर त्यालाही शिंप्याची सेवा म्हणतील.

आता आपल्या घरच्या बातमीकडे वळू. मामांच्या दुकानात वाचलेली ती बातमी व्हिडिओकॉनची होती. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी क्रिकेट पाहिले ते ह्या नावाच्या टीव्हीवर, आणि कारखाने औरंगाबादकडचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडचे, त्यामुळे आपल्याला आपुलकी. कंपनी आणि तिच्या गोतावळ्यातल्या मिळून तेरा कंपन्या २०१६ सालच्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली आल्या. दावे ७१,४३३ कोटींचे. त्यांतले मान्य झाले ६४,८३८ कोटी. आणि घेणाऱ्याने देऊ केले २,९६२ कोटी. एकूण दाव्यांच्या ४.१५ टक्के! कंपनीला माल आणि सेवा पुरवणाऱ्या मंडळींच्या वाट्याला तर ०.७२ टक्का आला. शंभर रुपयांच्या बिलाला बहात्तर पैसे. एवढ्यात तर मामा नुसते पाण्याचा फवारासुद्धा मारणार नाहीत.

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने जून २०२१ मध्ये ही योजना मंजूर केली खरी, पण निकालात लिहून ठेवले की घेणारा जवळजवळ काहीच देत नाही. आणि त्या ९९.२८ टक्के हेअरकटच्या पुढे कंसात एक शंका टाकली. तिचा मथितार्थ असा, की हे केस कापणे की मुंडण, सगळेच डोके साफ? न्यायाधिकरणाचा कंस वाचून मला मामांची आठवण झाली. एक कायद्याचे जाणकार, दुसरे कात्रीचे. दोघेही एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी पोचले. पेपरवाल्यांना मात्र तिथपर्यंत जाता आले नाही. (पुढे जुलै २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ह्या मंजुरीला स्थगिती दिली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती रद्दच केली. म्हणजे गोटा झाल्यावर गिऱ्हाइकाला पुन्हा बाकावर बसवले.)

बरे, प्रत्येक वेळी पंच्याण्णवच जातात असेही नाही. २०१८ साली भूषण स्टील निघाली तेव्हा सुमारे ५६ हजार कोटींच्या दाव्यांपुढे ३५ हजार कोटींच्या वर हाती आले, म्हणजे शंभरातले सदतीसच्या आसपास गेले. सदतीसही हेअरकट आणि पंच्याण्णवही हेअरकट! मामांच्या दुकानात भिंतीला दरपत्रक लावलेले आहे. त्यात साधी कटिंग वेगळी, मशीन वेगळी, झिरो मशीन वेगळी, आणि गोटा वेगळा. प्रत्येकाचा दर वेगळा, कारण प्रत्येकानंतर घरी गेल्यावर होणारे स्वागत वेगळे. हजारो कोटींची बातमी लिहिणाऱ्यांकडे मामांच्या दरपत्रकाइतकेही शब्द नसावेत?

इथपर्यंत मी बाहेरच्यांना बोललो. आता थोडे घरचे बोलायला हवे, नाहीतर बँकेत राहून बँकेची बाजू लपवली असे होईल.

ह्या उपमेतली सगळ्यात मोठी लबाडी वेगळीच आहे. हेअरकट म्हटले की वाटते, त्या दिवशी सकाळपर्यंत डोकेभर केस होते आणि दुपारी कात्री लागली. तसे नसते हो! केस केव्हाच गेलेले असतात. हप्ते थांबून वर्षे झालेली असतात, यंत्रे गंजलेली असतात, आणि दाव्याच्या आकड्यात न आलेले व्याज फुगत बसलेले असते. न्यायाधिकरणात होते ते इतकेच, की डोक्यावरची टोपी काढतात. खाली टक्कल असते. पेपर म्हणतो, आज केस कापले!

आणि टोपी तरी साधी असते काय? काही वेळा तो चक्क टोप असायचा. जुन्या कर्जाचे व्याज भरायला नवे कर्ज द्यायचे, म्हणजे वहीत खाते हिरवेगार दिसते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, काय दाट केस आहेत! २०१५ साली रिझर्व्ह बँकेने बँकांची कर्जे तपासायला काढली आणि एकेक टोप उचलून पाहायला सुरुवात केली. २०१८ च्या मार्चपर्यंत चित्र असे दिसले, की बँकांनी दिलेल्या शंभर रुपयांतले अकराच्या वर थकलेले आहेत. ते अकरा रुपये काही २०१८ मध्ये गेले नव्हते. गेले होते आधीच. फक्त वारा तेव्हा सुटला.

कॉमर्सवाल्यांसाठी आणखी एक गंमत सांगतो. कर्ज थकले की बँकेला दर वर्षी नफ्यातून त्याची तरतूद करावी लागते. म्हणजे नुकसान आधीच सोसून झालेले असते. मग पाच-सात वर्षांनी निकाल लागून शंभरातले पाच जरी आले, तरी ते वरकड म्हणून नफ्यात जमा होऊ शकतात. त्यामुळे पेपराच्या एका पानावर 'बँकांना प्रचंड हेअरकट' आणि दुसऱ्या पानावर 'बँकांच्या नफ्यात वाढ' अशा दोन बातम्या एकाच दिवशी येऊ शकतात, आणि दोन्ही खऱ्या असू शकतात. वाचकाला वाटते की बँकवाले बनवतात. बनवते ती उपमा.

संहितेची बाजूही सांगायला हवी. तिच्याआधी असली प्रकरणे वर्षानुवर्षे कोर्टाच्या बाकावर बसून म्हातारी होत, आणि कंपनीचा मालक मात्र खुर्चीतून हलत नसे. संहितेने त्याला खुर्चीतून उठवले, हे मोठेच काम झाले. पण आजवर ज्या कंपन्या तिच्याखाली विकून मार्गी लागल्या, त्यांच्यावरच्या दाव्यांपैकी सरासरी साधारण एक तृतीयांशच रक्कम घेणेकऱ्यांच्या हाती आली आहे. दोन तृतीयांश गेले. दोन तृतीयांश हे सरासरी! ह्याला ज्या भाषेत 'हेअरकट' म्हणतात त्या भाषेत दरोड्याला बहुधा 'भेट' म्हणत असावेत.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी मामा बँकेत आले. इस्त्रीचा शर्ट, तोंडाला मास्क, हातात पासबुक. मामांचे आमच्या शाखेत दीड लाखाचे कर्ज होते, दोन नव्या खुर्च्या आणि भिंतभर आरसा ह्यांसाठी काढलेले. २०१९ साली कर्ज मिळाले, आरसा लागला, आणि २०२० च्या मार्चमध्ये त्या आरशात बघायला कोणी येईनासे झाले. तीन महिने दुकान बंद. २८ जूनला सरकारने परवानगी दिली, तीही केस कापायची, दाढीला मनाई. (म्हणजे त्या काळात महाराष्ट्रात हेअरकट कायदेशीर होता आणि हजामत बेकायदेशीर. पेपरांनी तेव्हापासूनच हा भेद धरून ठेवला असावा.) त्या साली मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत होती. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. व्याजावरचे व्याज तेवढे पुढे सरकारने परत केले. मामांच्या खात्यात त्याचे सव्वाशेच्या आसपास रुपये जमा झाले. दीड कटिंगचे!

मामा माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "साहेब, बासष्ट हजार राहिलेत. तो पेपरात होता तो हेअरकट... पंच्याण्णव नको. आम्हाला आपला दहा टक्के बसवा."

मी हसलो. मग माझ्या लक्षात आले की मामा हसत नाहीत.

आता काय सांगायचे? मी नियम सांगितला. लहान कर्जालाही तडजोड असते, नाही असे नाही; पण त्यासाठी आधी खाते बुडावे लागते. हप्ते थकवायचे, नोटिसा घ्यायच्या, खाते 'अनुत्पादक' म्हणून नोंदवून घ्यायचे, आणि मग बँक वाटले तर काही रक्कम सोडते. ती सोडली की कर्जाच्या नोंदीत 'तडजोड केली' असा शिक्का बसतो, आणि पुढे कुठलीही बँक दारात उभी करताना विचार करते. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे हप्ते भरले म्हणून मिळत नाही."

मी म्हटले, "तसंच काहीसं."

"मग राहू द्या," ते म्हणाले. "नाव खराब करून कटिंग नको." आणि त्या महिन्याचा हप्ता भरून गेले.

तेव्हापासून मी पेपर वाचताना एक खेळ खेळतो. पैसे तेच, न फिटणे तेच. पण डोके बदलले की शब्द बदलतो. शेतकऱ्याचे कर्ज सुटले तर 'कर्जमाफी'. माफी कोणाला करतात? गुन्हेगाराला. सरकारला बहुधा हे टोचले असावे, कारण २०१९ च्या योजनेच्या नावात जपून 'कर्जमुक्ती' घातले आहे. पण पेपरात आणि पारावर माफीच राहिली. दुकानदाराचे थकले तर तो 'थकबाकीदार'. त्याच्या नावामागे 'जप्ती' आणि पुढे 'लिलाव'. आणि मोठ्या कंपनीचे हजारो कोटी सुटले तर 'हेअरकट'. म्हणजे वातानुकूलित खोली, गुळगुळीत मासिके, आणि मानेला पावडर. एकाला माफी, एकाला जप्ती, एकाला पावडर!

हिशेब सरळ ठेवायचा म्हणून एक फरकही सांगतो. कर्जमाफीत बँकेचे पैसे सरकार भरते, म्हणजे करदात्यांच्या खिशातून का होईना, बँकेला ते मिळतात. हेअरकटमध्ये बँकेचे जातात ते जातातच. तरीही ज्याच्यामुळे बँक खरोखर नागवली जाते त्या व्यवहाराला गोंडस नाव, आणि ज्यात बँकेला पैसे परत मिळतात त्याला गुन्हेगारीचा वास! शब्द कोणी वाटले हे मला ठाऊक नाही. पण वाटताना डोक्यावरची पगडी बघून वाटले, एवढे खरे.

आणि मराठीला काय ह्या बाबतीत शब्दांचा दुष्काळ आहे? पैशावर 'पाणी सोडतात', हक्कावर 'तुळशीपत्र ठेवतात', तोंडाला 'पाने पुसतात'. सदतीस टक्के गेले तर 'सूट' म्हणा, पंच्याण्णव गेले तर 'मुंडण' म्हणा. केसांच्याच दुकानात शिरायचे असेल तर 'बिनपाण्याची हजामत' आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. बँकेची जी होते तिचे इतके हुबेहूब वर्णन इंग्रजीलाही जमलेले नाही. आणि कर्ज घेताना ज्याने गोड बोलून कागद दाखवले आणि मागून पैसा भलतीकडे वळवला, त्याच्यासाठी तर 'केसाने गळा कापणे' आहेच. केस आणि कापणे दोन्ही त्यात आले. फक्त कापले काय, हे खरे सांगितले.

मामांनी पुढे कर्ज फेडले. एकही हप्ता न चुकवता, सगळे. कर्ज फिटल्याचा दाखला मीच टाइप केला. त्याच्या पुढच्या रविवारी मी खुर्चीत होतो. कटिंग झाली, मान झटकली, आणि नेहमीप्रमाणे मामांनी डोक्याच्या मागे छोटा आरसा धरला. आपल्याला न दिसणारी बाजू आपल्याला दाखवायची, हे त्यांच्या ऐंशी रुपयांत येते. त्या दिवशी माझा चष्मा चुकून खिशात राहिला होता. मी तो लावला आणि आरशात पाहिले. डोक्याच्या मागे, मधोमध, चांगली दहा रुपयांच्या नाण्याएवढी चाई पडलेली!

"मामा, हे कधी झालं?"

"चार वर्षं झाली की, साहेब."

"मग सांगितलं नाहीत ते?"

"आरसा तर दर महिन्याला धरतो," मामा आरसा पुसत म्हणाले. "तुम्हीच चष्मा काढून ठेवता."